रविवार नावाचा सण

निवृत्त माणसाला रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. "तुमचं काय बुवा, आता रोजच रविवार!"

पहिले तीन महिने मी या वाक्यावर विश्वास ठेवला. सोमवारी दाढी केली नाही. मंगळवारी दुपारी चारपर्यंत झोपलो. बुधवारी पुन्हा दाढी केली नाही. गुरुवारी दूधवाल्याने मला पाहून "घरात कोणी आजारी आहे का?" असं विचारलं. मग चौथ्या महिन्यात एका सकाळी चहा पिता पिता मी सौभाग्यवतींना विचारलं, "आज वार कुठला?" त्या म्हणाल्या, "रविवार." आणि काय सांगू, मला आनंद झाला! कचेरी सुटून चार महिने झालेल्या माणसाला रविवार आहे म्हणून आनंद होण्याचं काही कारण नव्हतं. पण झाला खरा. मी लगेच उठून पुरवणी घेतली आणि मुख्य अंक चिरंजीवांकडे ढकलला.

तेव्हापासून माझ्या मनात हा विषय घोळतो आहे. गणपती वर्षातून एकदा येतात, तर आपण महिनाभर आधी मखराची चर्चा करतो. दिवाळीसाठी घर रंगवतो, निदान रंगवायचं ठरवतो. आणि हा एवढा मोठा सण वर्षातून बावन्न वेळा येतो, कधी कधी त्रेपन्न वेळाही येतो, तर त्याचं कौतुक शून्य. श्रावणात आदित्यराणूबाईची कहाणी वाचतात तेवढीच काय ती त्याची बूज. बाकी वेळी "हा रविवार कसा गेला कळलंच नाही" एवढाच शेरा.

त्यात एक दिवस नातवाने विचारलं, "आजोबा, सुट्टी रविवारीच का? बुधवारी का नाही?" चिरंजीव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ब्रिटिशांनी दिली." आपल्याकडे टपाल, रेल्वे, क्रिकेट आणि रविवार या चार गोष्टी ब्रिटिशांच्या नावावर टाकल्या की पुढचा विचार करावा लागत नाही. पण मी गिरणगावात वाढलेला माणूस. वडील एका गिरणीत कारकून. हे उत्तर मला पटेना. म्हटलं, आपल्याला वेळ आहे, वाचनालयाचं सभासदत्व आहे, बघू या.

सुरुवातीलाच धक्का बसला. सात वार आपल्या वेदांतले नव्हेतच! आपले पूर्वज तिथी आणि नक्षत्रं मोजत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ सालच्या ग्रंथात याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथे बुधगुप्ताच्या काळचा, इसवी सन ४८४ चा एक स्तंभलेख आहे. त्यात महिना आणि तिथी यांच्याबरोबर वारही दिला आहे. आपल्याकडचा वाराचा हा जुन्यात जुन्या उल्लेखांपैकी एक. तो वार कुठला? गुरुवार. म्हणजे कामाचा!

आणि वारांचा क्रम असा का? रविवारनंतर सोमवारच का? यातलं गणित गिरणगावातल्या माणसाला चटकन समजेल, कारण हा सगळा पाळ्यांचा मामला आहे. जुन्या ज्योतिषांनी ग्रहांची रांग लावली ती चालीप्रमाणे. सगळ्यांत मंद शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सगळ्यांत चपळ चंद्र. प्रत्येकाला एकेक तासाची पाळी. तासाला 'होरा' म्हणायचं, हा शब्दही ग्रीकांकडून आलेला. आता सात जणांनी चोवीस तास भरायचे, तर तीन फेऱ्या पुऱ्या होऊन तीन तास उरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला कामावर हजर होतो तो चौथा गडी. रवीपासून मोजा : रवी, शुक्र, बुध, चंद्र. झाला सोमवार. चंद्रापासून मोजा : चंद्र, शनी, गुरू, मंगळ. झाला मंगळवार. ज्याची पहिली पाळी, त्याच्या नावाचा दिवस. मी हे नातवाला भाजीच्या पिशवीवर लिहून समजावलं. त्याने विचारलं, "मग ग्रहांना सुट्टी कधी?" अजून तरी त्यांची युनियन झालेली नाही.

सुट्टीचा पहिला हुकूम काढला तो रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने, इसवी सन ३२१ मध्ये. सूर्याच्या वारी न्यायाधीशांनी आणि शहरातल्या लोकांनी काम बंद ठेवावं, असा तो हुकूम. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक होती, म्हणजे काम करायची मोकळीक. पेरणीचा दिवस हुकला तर पुन्हा येत नाही, असं कारण दिलं होतं. कारण खरं आहे, म्हणून तर शेतकऱ्याचा रविवार सतराशे वर्षं तसाच लटकलेला आहे.

पण माझा खरा प्रश्न मुंबईचा होता. कावसजी दावरांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांनी चालू झाली. मग एकामागून एक धुराडी उभी राहिली. काम कधी सुरू व्हायचं? उजाडलं की. कधी संपायचं? दिसेनासं झालं की. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. सूर्याने आपल्या नावाचा वार तर राखून ठेवला नव्हताच, उलट तोच मुकादमासारखा हजेरी घेत होता. सणासुदीला गिरणी बंद राही. पण दर आठवड्याला हक्काची सुट्टी असते, ही कल्पनाच नव्हती. साहेबाची कचेरी रविवारी बंद, कोर्ट बंद आणि साचे मात्र चालू. तेव्हा "ब्रिटिशांनी दिली" हे चिरंजीवांचं उत्तर अर्धंच बरोबर. ब्रिटिशांनी ती स्वतःला दिली होती.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी त्यासाठी मुंबईत खटपट केली होती. तिकडे मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही मुंबईच्या कामगारांचा एकाएकी फार कळवळा आला होता. मुंबईचं कापड स्वस्त पडतं, हे त्या कळवळ्याचं मूळ. कायद्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये आणि महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात. मोठ्या माणसांबद्दल एक अक्षर नाही. माझा नातू आठ वर्षांचा आहे. त्याच्याकडे बघून मी हे कलम दोनदा वाचलं.

आणि मग या गोष्टीत शिरतात नारायण मेघाजी लोखंडे. नाव आपण ऐकलेलं असतं. कुठे तरी पाटीवर वाचलेलं असतं, बस पुढे गेलेली असते. जन्म १८४८, ठाण्याचा. रेल्वेत, टपालखात्यात नोकऱ्या करून पुढे ते एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे तसे आमच्या वडिलांच्याच पंगतीतले! महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी १८८० मध्ये मुंबईला आणून चालवलं. कारकुनी पेशाचा माणूस सहसा आपली बदली आणि आपली बढती यापलीकडे अर्ज करत नाही (मी छत्तीस वर्षं केला नाही). हा माणूस मात्र दुसऱ्यांचे अर्ज लिहायला बसला.

१८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा एक अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनसाठी तयार झाला. मागण्या वाचल्या तर हसू येतं आणि मग येत नाही. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास जेवायला मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. काम करताना कोणी जखमी झाला तर त्याला भरपाई मिळावी. बस्स. साडेपाच हजार माणसं एकत्र येऊन काय मागतात, तर सूर्य मावळल्यावर घरी जायची परवानगी!

रविवारच का, याला लोखंड्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. रविवार हा खंडोबाचा वार! साहेब देवळात जातो त्याच दिवशी मराठी माणसाचा मल्हारीही जेजुरीला भंडारा उधळून घेत असतो. या युक्तिवादाला तोड नाही. मजुराला नाही म्हणता येतं, लिहिणाऱ्या कारकुनालाही नाही म्हणता येतं, पण एका बाजूला साहेबाचा देव आणि दुसऱ्या बाजूला हातात तलवार घेतलेला आमचा देव, दोघांनी मिळून एकच वार मागितल्यावर गिरणीमालक करणार काय?

तरी त्यांनी सहा वर्षं घेतली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली. एरवी त्या मैदानावर धावणारे घोडेसुद्धा रोजच्या रोज तेरा तास धावत नसतील. त्या सभेत दोन गिरणीकामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. साल १८९०, हे ध्यानात घ्या. अजून चांगल्या घरातल्या बाईने चारचौघांत नवऱ्याशी बोलायचं म्हणजे मधे मुलाला घ्यावं लागे, "बाबांना विचार, भात वाढू का?" आणि या दोघी दहा हजार लोकांसमोर बोलल्या. सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. मी उलटं मोजून काढलं, त्या दिवशी मंगळवार होता. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सगळ्याच कारखान्यांना लागू झाला.

लोखंडे त्यानंतर फार जगले नाहीत. मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांना मदत करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय अठ्ठेचाळीस. २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. रविवारी टपाल येत नाही, हा योगायोग.

आता आमच्या चाळीतला रविवार सांगतो. गिरणीच्या भोंग्याने रोज सगळी चाळ उठायची. रविवारी भोंगा नसायचा, आणि आम्हा पोरांना नेमकी त्या शांततेनेच जाग यायची. कान भोंग्याची वाट बघत राहायचे आणि मग हळूच आठवायचं, अरे, आज रविवार! पांघरूण पुन्हा डोक्यावर ओढण्यात जे सुख होतं, ते पुढे मला बढतीतही सापडलं नाही. मग गॅलरीत नंबर लावून न्हाणं, डोक्याला तेल, मटणाच्या दुकानासमोरची रांग, पाट्यावरच्या वाटणाचा वास आणि साचाखात्यातले समोरचे काका स्वच्छ धोतर नेसून, पेटी उघडून, भजनाचा एकच तुकडा बारा वेळा घोळवत बसलेले. ते एरवी आमच्याशी बोलायचे ते ओरडून. खात्यातल्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यावर माणूस हळू बोलायला विसरतो. रविवारी दुपारपर्यंत मात्र त्यांचा आवाज उतरायचा. सोमवारी पुन्हा चढायचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि भोंगे थांबले. पहिले काही आठवडे काकांनी पेटी रोज काढली. मग रविवारीच काढू लागले. मग त्या रविवारीही काढेनात. एकदा मी सहज म्हटलं, "काका, पेटी?" तर म्हणाले, "सोमवार कुठाय?" मी तेव्हा नोकरीत होतो, कायम होतो, मला त्याचा अर्थ नीट लागला नाही.

ज्यांनी रविवारच रद्द करायचा घाट घातला, ते राज्यकर्ते वेगळे. फ्रान्समध्ये क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये राजाबरोबर आठवड्याचंही डोकं उडवलं. दहा दिवसांचा आठवडा केला, दहावा दिवस विश्रांतीचा. सगळं कसं दशमान, शास्त्रशुद्ध! पण सातव्या दिवशी मिळणारी सुट्टी दहाव्या दिवसावर गेली, हे गणित न शिकलेल्या माणसालाही कळतं. १८०६ च्या पहिल्या तारखेपासून जुनं कॅलेंडर परत आलं. रशियाने १९२९ मध्ये त्याहून भारी युक्ती काढली. आठवडा पाच दिवसांचा, कारखाना कधीच बंद नाही आणि कामगारांचे पाच रंग पाडले. तुमच्या रंगाच्या दिवशी तुमची सुट्टी. नवरा पिवळा आणि बायको जांभळी असली की दोघांची सुट्टी कधीच एका दिवशी नाही. आमच्या इमारतीतल्या दोन-तीन जोडप्यांना ही योजना मानवली असती, पण रशियन माणूस कंटाळला. दोनच वर्षांत सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये मुकाट्याने सातावर आले.

आपल्याकडे असलं काही करायची गरज पडत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो, दादरच्या कित्येक दुकानांचा सोमवारी येतो आणि कुणाची तक्रार नाही. महाराष्ट्र सरकारने तर पाच दिवसांचा आठवडा लागू केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्या दिवशी शनिवार होता. योजनेचा शुभारंभच सुट्टीने! पुढे महिन्याच्या आत टाळेबंदी आली आणि सगळ्या देशाचा रोजचा रविवार झाला. त्या काळात आमच्या घरात सकाळचा चहा चार वेळा होत असे. हा चहा कोण करतं, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो आला आत्ता, हे सगळं वाचताना.

झालं असं, की लोखंड्यांच्या मागण्या मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवल्या. त्या मेथी निवडत होत्या. "दुपारी अर्धा तास सुट्टी," मी वाचलं. त्यांचा हात थांबला. "सूर्यास्ताला काम बंद." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पगार पंधरा तारखेच्या आत." तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "म्हणजे पगारही असायचा?"

मी पुढचं वाचणं थांबवलं.

रात्री झोप येईना, तेव्हा आमच्या चाळीतला तोच रविवार मी पुन्हा आठवून पाहिला. या खेपेला आईकडे बघून. तेल चोळत होती ती आई. पाट्यावर वाटण करत होती ती आई. चौघांचे डोक्यावरून न्हाऊन झाल्यावर त्यांचे कपडे, मटणाची भांडी, संध्याकाळी सोमवारच्या डब्यासाठी भिजवलेले मूग. बाबांच्या रविवारात दोन तासांची झोप जास्त होती आणि आईच्या रविवारात एक रस्सा जास्त होता. बाबांना सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा आणि शनिवारी मारुतीचा उपास असे. म्हणजे तिन्ही दिवस साबुदाणा भिजवायचा तो आईने.

पण दुपारी साडेतीनला, सगळी खोली घोरत असताना, ती उंबऱ्यात बसायची. मांडीवर रविवारची पुरवणी, हातात माझी शिसपेन्सील. शब्दकोडं सोडवायची. मी एकदा अर्धवट डोळ्यांनी पाहिलं, तर कोडं पूर्ण झालं होतं आणि ती खोडरबराने एकेक अक्षर हलकं पुसत होती. साडेचारला बाबा उठायचे, चहा घ्यायचे, चष्मा लावून तेच कोडं घ्यायला बसायचे आणि आठ आडवा अडला की म्हणायचे, "चार अक्षरी, देवीचं नाव?" आई मोरीतून म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं! कोल्हापूरच्या देवीचं बघा बरं घालून." बाबा घालायचे. बरोबर यायचं. आपण कोडं सोडवण्यात वाकबगार आहोत, हा त्यांचा समज शेवटपर्यंत कायम राहिला. आईचा रविवार अर्ध्या तासाचा होता आणि त्यातलीही दहा मिनिटं खोडण्यात जायची.

रेसकोर्सवरच्या त्या दोघी सभा संपल्यावर कुठे गेल्या असतील, हे विचारायला नको. घरी जाऊन त्यांनी चूल पेटवली असणार.

तेव्हा गेल्या रविवारी मी सकाळी जाहीर केलं, की आजचं दुपारचं जेवण मी करणार. चिरंजीव म्हणाले, "बाहेरून मागवू या ना." सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मुलाला हळूच दोन बिस्किटं दिली. मी पुरवणी सौभाग्यवतींच्या हातात दिली, वर पेन्सील दिली, त्यांची खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली आणि पिठल्याला लागलो. पिठलं अशासाठी, की ते बिघडलं तरी पिठलंच दिसतं. कांदा चिरला, फोडणी केली, बेसनात पाणी घातलं, गुठळ्या झाल्या, त्या मोडल्या, मग आणखी पाणी घातलं. आता मीठ. मिठाची बरणी गेली पंचेचाळीस वर्षं ज्या फळीवर होती, तिथे नव्हती. की ती फळीच दुसरी होती?

"अहो, ऐकलं का," मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "मीठ कुठाय?"

गॅलरीतून पेन्सिलीचा आवाज थांबला.

"आज रविवार आहे," सौभाग्यवती म्हणाल्या आणि पान उलटलं.